वायफाय नैसर्गिकरीत्या उपलब्ध आहे

इंटरनेट घरात येणे आणि इंटरनेट घरात पसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीचे पैसे आम्ही भरत होतो. दुसरीचे भरावेत का, हा प्रश्न जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्यापुढे आला. त्या दिवशी घरात काय काय होते याची मी मोजणी केली. माणसे पाच (आई, बाबा, अवधूतदादा, मीनल वहिनी आणि मी). फोन सहा (बाबांचा जुना फोन चालत नाही, पण बाबांच्या मते तो ‘चालू स्थितीत’ आहे). डेस्कटॉप एक, त्याला केबल आहे, कॅमेरा नाही. वहिनीचा लॅपटॉप एक. त्याला कॅमेरा आहे, पण तो इतका पातळ की केबल खुपसायला जागाच नाही. मोबाइलची रेंज घरात शून्य, गच्चीवर टाकीपाशी पाचपैकी दोन दांड्या.

इंटरनेट कंपनीचा लाइनमन विनीत नवीन पेटी बसवायला आला होता. पेटीला दोन अँटेना होते.

“वायफाय आतच आहे, काका,” तो म्हणाला. “फक्त ऑफिसातून चालू करावं लागतं. महिन्याचे नव्याण्णव, प्लस जीएसटी.”

“म्हणजे वस्तू आमच्या घरात आणि बटण तुमच्या ऑफिसात,” बाबा म्हणाले.

“सिस्टमच तशी आहे ना.”

“मग हे अँटेना कशाला दिलेत?”

“ते फ्री आहेत.”

बाबा आनंदनगर एमआयडीसीत क्वालिटी ऑफिसर आहेत. तपासणी केल्याशिवाय कोणतीही वस्तू स्वीकारायची नाही आणि नाकारायचीही नाही, या तत्त्वावर त्यांनी एकतीस वर्षे काढली आहेत (आमच्याकडे कलिंगड यामुळे दुसऱ्या दिवशी कापले जाते). त्यांनी तपासणीचे काम माझ्याकडे सोपवले. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केले आहे आणि घरात त्याचा तोवर काही उपयोग झालेला नव्हता.

कामाला मुदत होती. दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मीनल वहिनीने ठाण्याची नोकरी सोडली. गुडघा बरा झाला. नोकरीसाठी तिने त्यानंतर चौतीस अर्ज केले, उत्तर एकाला आले. पुण्याची कंपनी, काम घरून, मुलाखत ३ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर. त्या वेळी लॅपटॉपवर वायफाय असणे आवश्यक होते. बाकी सर्व गोष्टी (अनुभव, इस्त्रीची कुर्ती, मागे दिसायला पुस्तके) तयार होत्या.

आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, महिना ११६ रुपये ८२ पैसे भरणे. दुसरा, स्वतःचा राउटर विकत घेणे. त्यासाठी मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये प्रीतमशेठच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे एकाच आकाराचे राउटर चार कंपन्यांच्या खोक्यांत होते. गॅरंटी किती, असे विचारल्यावर ते म्हणाले, “साईं, गॅरंटी माल की नहीं, रिश्ते की होती है. आप आते रहना.” माझा हा प्रश्न त्यांना थोडा लागला असावा, कारण नंतर त्यांनी मला चहा दिला नाही.

तिसरा मार्ग सर्वात जुना आहे. विरजण कोणी विकत घेत नाही. दही संपले की वाटी घेऊन शेजारी जायचे असते. आमच्या मांजर्लीच्या इमारतीत सोळा घरे आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरचे आण्णा, जे पोस्टातून निवृत्त झाले, त्यांनी पहिल्या दिवसापासून वायफायचे जादा पैसे भरले होते. त्यांचा पासवर्ड असाच वाटीवाटीने फिरला. प्रथम तो समोरच्यांकडे गेला, कारण त्यांचा मुलगा दहावीला होता. तिथून वर, मग खाली. आमच्या घरी तो साबुदाण्याच्या वड्यांसोबत आला. कोणी चोरला नाही, याची नोंद घ्यावी. तो प्रत्येक वेळी कोणीतरी प्रेमाने दिला आहे. आण्णांना यातले फक्त समोरचे घर माहीत होते.

मी चौदा दिवस, रोज तीन वेळा, घरात अकरा जागी सिग्नल मोजला. एकूण नोंदी ४६२. सरासरी ३.८ दांड्या (इतक्या दांड्या कोणत्याही फोनवर दिसत नाहीत, ही सरासरी आहे). सर्वात चांगला सिग्नल वॉशिंग मशीनवर. बाबांनी नोंदी तपासून सही केली. अहवाल चार पानांचा झाला आणि त्याचा निष्कर्ष एका वाक्याचा: ‘या घरात पुरेसा वायफाय सिग्नल नैसर्गिकरीत्या उपलब्ध असून त्यासाठी जादा आकार भरण्याची गरज नाही.’

सिग्नल कुठून येतो, हे अहवालात लिहिलेले नव्हते. शेजाऱ्याचे नाव असे कागदावर घेणे बरे दिसत नाही, असे आईचे मत पडले. शास्त्राच्या बाजूनेही अडचण नव्हती. भौतिकशास्त्रात लहरीला तरंगलांबी असते, मालक नसतो.

जादा आकाराचे पत्रक सोळाही घरांना आले होते, त्यामुळे सोसायटीने अहवालाची प्रत सूचनाफलकावर लावली. तो लोकांनी वाचला. सोसायटीच्या फलकावरचा कागद लोकांनी शेवटपर्यंत वाचल्याची माझ्या माहितीतली ही पहिलीच वेळ. आण्णांनी तर दोनदा वाचला. जिन्यात भेटल्यावर ते म्हणाले, “अनुया, फार मुद्देसूद लिहिलंस. आम्ही आपले अडाण्यासारखे दोन वर्षं पैसे भरत बसलो.” २ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मुदत संपली. त्यांनी ती वाढवली नाही.

३ फेब्रुवारीला साडेदहा वाजता घरातल्या अकराही जागी सिग्नल नव्हता. पावणेअकराला दारावर बेल वाजली. आण्णा होते.

“तुमच्याकडे येतो तो सिग्नल आमच्याकडे नेमका कुठल्या खोलीत येतो, एवढं जरा मोजून देतेस? मी सगळीकडे फिरलो. वॉशिंग मशीनवरही बघितलं.”

मीनल वहिनी लॅपटॉप आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. टाकीपाशी मोबाइलवरून मुलाखत चार मिनिटे दहा सेकंद चालली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारले, “घरी तुमचं स्वतःचं वायफाय आहे ना?” वहिनी खरे बोलणारी आहे. ती म्हणाली, “बिल्डिंगमध्ये आहे.” त्यानंतर चित्र थांबले. संध्याकाळी मेल आला. स्वतःच्या वायफायची खात्री करून ११ तारखेला सकाळी अकरा वाजता पुन्हा बसावे, ही शेवटची संधी.

पाच तारखेला पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. उपस्थिती सोळापैकी सोळा. ‘इमारतीत वायफाय असले पाहिजे’ हा ठराव एकमताने मंजूर झाला. ते कोणी घ्यावे, यावर चर्चा झाली. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे त्या कौसाबाई म्हणाल्या, “जमीन आमची गेली. आता हवेचं पन आमीच भरायचं का?” आण्णा म्हणाले, “आता तरुणांनी पुढे यावं.” तरुणांनी ज्येष्ठांच्या अनुभवाचा गौरव केला. शेवटी, कोणीतरी घेईलच, असे ठरले आणि चहा झाला.

वहिनी घरी येऊन म्हणाली, “बाबा, आपणच घेऊया ना.”

“सोळा घरांत एक तरी घेणारच,” बाबा म्हणाले. “आपण घेतलं तर दोन होतील.”

मला शास्त्रीय मत विचारण्यात आले. दोन वायफाय फार जवळ असले की एकमेकांच्या लहरींना अडथळा करतात, हे मी सांगितले. ते खरे आहे. वहिनीने कुर्तीला पुन्हा इस्त्री केली. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळले की त्या रात्री हाच हिशेब, लहरींचा भाग सोडून, सोळाही घरांत झाला होता.

इतके वाचल्यावर तुमच्या मनात आले असेल, की अहो, तुम्हीच का नाही भरलेत? हा प्रश्न मला एकूण पंधरा घरांनी विचारला. पंधराही वेळा त्यात ‘तुम्हीच’ हा शब्द होता.

११ फेब्रुवारीला दहा पंचावन्नला मीनल वहिनी लॅपटॉप उघडून बसली. मी इमारतीच्या चारही मजल्यांवर फोन घेऊन फिरले. सापडलेली वायफाय नेटवर्क्स: शून्य.