राजारामपुरीच्या कांबळ्यांनी अंदमान गाठले त्याची हकीकत

तमाम वाचणारे आणि वाचून घेणारे यांस विदित व्हावे की, थोर लोक थोर लढाया करितात आणि त्या लिहिणारेही उदंड असतात. परंतु मध्यम प्रतीची माणसे संसारखर्चातून चार पैसे मागे ओढून समुद्रापार जातात, ती लढाई दिसावयास लहान, लढावयास बिकट, आणि तिची बखर लिहिणारा कोणी नाही. सबब ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे तिखटमीठ न घालिता, लिहिली असे.

करवीर शहरी राजारामपुरी म्हणून नामांकित पेठ. तेथे एका गल्लीच्या तोंडास कृष्णात कांबळे यांचा रिक्षा व दुचाकी गाड्यांच्या सीटा शिवण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक गाळा, एक शिलाई मशीन आणि रेक्झिनची भेंडोळी. परंतु हातास कसब ऐसे की, रिक्षा नवरीसारखी सजवावी तर ती कृष्णातरावांनीच, ऐसा रिक्षावाल्यांत लौकिक. स्वभावे उदार, आवाज मोठा, शिल्लक बेताची. त्यांचे कुटुंब संघप्रियाबाई पेठेतीलच एका दवाखान्यात सिस्टर. कन्या दीक्षा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षास, हिशेबास तिखट. आणि या सर्वांवर अंमल मातोश्री धोंडुबाई यांचा. मूळ वतन चंदगड, जेथे पाऊस एकदा बसला म्हणजे उठावयाचे नाव घेत नाही.

मोहिमेचे कारण ऐसे जाले. दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत भिंतीस एक जुने कॅलेंडर होते. साल केव्हाच सरले, परंतु चित्र चांगले म्हणून कोणी काढिले नाही. चित्रात बेट, माड, आणि ऐसे निळे पाणी की, त्यात उभ्या होडीची सावली तळास पडलेली दिसे. रोगी सुई पाहून डगमगला म्हणजे संघप्रियाबाई आज्ञा करीत की, तिकडं बघा, हात सैल सोडा. मग रोगी तिकडे पाही आणि काम फत्ते होई. ऐसे कित्येक वर्षे चालिले आणि पुढे रोगी नसतांही बाईंचीच नजर तिकडे जाऊ लागली.

मग दिवाळीच्या सुमारास रात्रीची जेवणे चालली असता दीक्षेने सहज विचारिले,

"मम्मी, मे महिन्यात तुमच्या लग्नाला वीस वर्षं होत्यात. तुला काय पायजे?"

संघप्रियाबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबविला आणि म्हणाल्या,

"निळं पाणी बघायचंय. तळ दिसतो म्हणत्यात तसलं. एकदाच."

दरबारास ही मागणी नवीन होती. कारण की वीस वर्षांत बाईंनी घरास पुष्कळ काही मागितले, मिक्सर मागितला, मातोश्रींच्या गुडघ्यास औषध मागितले, मुलीस क्लास मागितला; परंतु स्वतःकरिता काही मागितल्याचे कोणाचे स्मरणी नव्हते. धोंडुबाईंनी तोड सुचविली की, "चंदगडास्नं गोवा काय लांब हाय? यष्टीनं जावा आणि या की."

"गोव्याचं बघितलंया, आत्ती," संघप्रियाबाई बोलल्या. "ते मातकट हाय."

यावरी कृष्णातरावांनी ताटावरूनच फर्मान सोडिले की, येत्या मे महिन्यात खासा स्वारी सहकुटुंब अंदमान बेटावर जाईल, आणि या कामी कोणी आडवे येईल त्याची गय होणार नाही. फर्मान सुटले, परंतु खजिन्यात काय आहे याची चौकशी फर्मान सोडल्यावर करण्याचा त्यांचा प्रघात होता.

दुसरे दिवशी एका सहल कंपनीचा वकील कारखान्यात दाखल जाला. त्याने रंगीत कागद मांडिले, बेटाची तारीफ केली आणि शेवटी चार माणसांचा आकडा उच्चारिला. कृष्णातराव आकडा ऐकून मशीनवरून उठले आणि अदबीने म्हणाले, "पावणं, च्या घेणार काय?" वकील शहाणा होता. चहा घेऊन उठला तो पुन्हा आला नाही.

मग मसलत होऊन ठरले की, परक्याचे फौजेवर भिस्त न ठेविता मोहीम स्वबळावर करावी. दीक्षेस फडणिशी सांगितली आणि मोबाइल हेच तिचे दप्तर. रेल्वेने बंगळूर, तेथून विमान, बेटावर साधे लॉज, ऐसा मार्ग तिने धुंडून काढिला. तरी रक्कम थोडकी नव्हती आणि वाटेत गनीम फार. कॉलेजची फी, मोपेडचा हप्ता, विजेचे बिल, आणि लग्नसराईतील आहेर, हा तर चहूकडून येणारा शत्रू. मग घरात काटकसरीचा अंमल बसला. रविवारचे मटण एक आड एक रविवारी होऊ लागले आणि तांबडा-पांढरा रस्सा पातळ जाला. कृष्णातरावांनी मित्रमंडळातील मिसळ वर्ज्य केली, आणि हे करवीरच्या माणसास किती कठीण ते जाणणारे जाणतात. त्यांचे स्नेही बाळासो रिक्षावाले यांनी हे ऐकून दुकानी येऊन भर लोकांत विचारिले,

"आरं, तिथं माणसास्नी शिक्षा म्हणून धाडत हुती. आणि तू पैसं भरून निघालास व्हय?"

"आम्ही परतीचं तिकीट काढून निघालोय की," कृष्णातराव म्हणाले आणि मशीनचे पायडल हाणिते जाले.

धोंडुबाई यांनी तर काजूचे कामी मोठी जरब दाखविली. चंदगडचे वतनात त्यांची काजूची झाडे, आणि भाजून सोललेले काजू दर साली भावकीत खैरात वाटण्याची जुनी चाल. यंदा मातोश्रींनी हुकूम काढिला की, खैरात बंद, काजू तोलून विकले जातील, मग मागणारा सख्खा असो की चुलत. भावकीत गहजब जाला. तो ऐकून कृष्णातरावांच्या वडील भगिनी बायडाबाई, वस्ती इचलकरंजी, यजमान यंत्रमागावर कामास, या एस.टी.ने चाल करून आल्या आणि उंबऱ्यावरूनच जाब मागत्या जाल्या की, माझा वाटा कुठं हाय.

धोंडुबाईंनी कारण सांगितले, संघप्रियाला समुद्र दावायचा हाय म्हणून. मागे बायडाबाईंस कावीळ होऊन जीव जावयाची वेळ आली असता संघप्रियाबाईंनी रजा काढून दवाखान्यात त्यांचे उशास रात्री काढिल्या होत्या. मग बायडाबाईंनी पिशवी पुढे केली, काजू तोलून घेतले, बाजारभावाने दाम चुकते केले, वर म्हणाल्या, "मापात काटा मारला न्हाईस न्हवं आई?" आणि आल्या एस.टी.ने माघारी गेल्या. या स्वारीने खजिन्यास मोठा आधार जाला.

परंतु उन्हाळा तापला आणि बाका प्रसंग आला. मे महिन्याची विमानभाडी नित्य चढू लागली. आज पाहावे तो एक आकडा, दो दिसांनी पाहावे तो दुसराच. मग एके संध्याकाळी फडणीस दीक्षा यांनी अर्ज केला की, जमलेल्या पैशात तिघांचे होते, चौथ्याचे होत नाही. त्यावर संघप्रियाबाई लगोलग बोलल्या की, दवाखान्यातून रजा मिळत नाही, डॉक्टरांनी साफ नकार दिला, तरी तुम्ही तिघांनी जाऊन यावे आणि फोटो काढून आणावे. हे त्यांनी ऐशा सहजपणे सांगितले की, खरे वाटावे.

कृष्णातरावांस राग आला, तो डॉक्टरांचा. दुसरे दिवशी ते हातचे काम टाकून दवाखान्यावर चालून गेले आणि डॉक्टरांपुढे उभे राहून विनंती कमी व दम जास्त ऐशा सुरात रजेची गोष्ट काढिली. डॉक्टर चकित जाले. म्हणाले, रजा तर मागेच मंजूर केली. सिस्टरनीच काल येऊन सांगितले की, आता नको, राहू द्या.

कृष्णातराव तेथून निघाले ते गाडी न चालविता ढकलीत घरी आले. वीस वर्षे आपण फर्माने सोडिली आणि त्यांचा खर्च ही बाई आपल्या अंगावर घेत आली, हे त्यांस त्या रस्त्यात उमगले. घरी येऊन ओरडले नाहीत. पाणी प्याले आणि म्हणाले,

"तुझी रजा मंजूर हाय म्हणं."

संघप्रियाबाई भाजी चिरीत होत्या, त्या चिरीतच राहिल्या. "आत्तींनी कवा विमान बघायचं?" हळूच म्हणाल्या. "पोरगीचं वय हाय फिरायचं. आणि तुमी नसल्यावर ह्यांना न्हेणार कोण?"

यावर दीक्षा रडू लागली आणि भेद फुटला. कृष्णातरावांनी आधीच मुलीस एकीकडे बोलावून हुकूम दिला होता की, दुकानाचा सीझन हाय, माझं नाव काढ आणि तिघींचे तिकीट बघ. धोंडुबाईंनी निराळे बोलावून सांगितले होते की, मला विमानात कोंडू नकोस पोरी, गुडघं दुखत्यात, माझं नाव गाळ. आणि दीक्षेने स्वतःचे नाव परीक्षेची सबब सांगून काढावयाचे मनात योजिले होते. येणेप्रमाणे चौघांनी आपापले नाव कमी केल्याकारणे मोहिमेस कोणीच उरले नाही, आणि खर्च पाहो जाता तो फारच आटोक्यात आला होता.

प्रथम धोंडुबाई हसल्या. मग सर्वच हसले, संघप्रियाबाई सोडून. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि कांद्यावर ठपका ठेविला. हसणे सरल्यावर दीक्षेने नाक पुसून बोलणे काढिले,

"एक तोड हाय. मे सोडायचा आणि मृगाच्या तोंडाला जायचं. पावसाळ्यात समदं निम्म्यावर येतंय, चौघांचं बसतंय. पण मम्मी, पावसात समुद्र कसला असंल सांगता येत न्हाय. बोटी बंद ठेवत्यात कवाकवा. निळं पाणी दिसंल न दिसंल."

धोंडुबाई म्हणाल्या, "चंदगडच्या माणसाला पावसाचं भ्या घालतीस व्हय?" परंतु सर्वांची नजर संघप्रियाबाईंकडे लागली होती. बाईंनी विचारिले, "चौघं जाऊ?"

"चौघं," दीक्षा म्हणाली.

"मग काढ तिकिटं. पाणी कसलं का असंना."

मग ज्येष्ठात, दवाखान्यात तापाच्या रोग्यांची रीघ लागण्याचे आधी, धोंडुबाईंनी त्रिसरण म्हटल्यावर, फौजेने कूच केले. बंगळुरास विमानतळावर कांदा-लसूण चटणीच्या डब्यावरून चौकीदारांशी चकमक उडाली. तिखट हाती घेऊन विमानात बसणे कायद्यास मंजूर नव्हते आणि तिखट सोडून परमुलखात जाणे मातोश्रींस मंजूर नव्हते. अखेर डबा मोठ्या बोचक्यात घालून विमानाच्या पोटात धाडावा, ऐसा तह जाला. विमान उडाले तेव्हा धोंडुबाईंनी डोळे मिटले, आणि ढगांच्या वर गेल्यावर उघडून बराच वेळ खाली पाहून म्हणाल्या, "पाऊस वरनं असा दिसतोय व्हय."

बेटावर उतरले तो मुसळधार. समुद्र राखेसारखा, आभाळ त्याहून मळके, आणि धक्क्यावर बोटी बांधून ठेविलेल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही तैसाच. छत्र्या उलट्या जाल्या, कपडे वाळेनात. दीक्षा व धोंडुबाई यांनी लॉजच्या आचाऱ्यास चटणी देऊन आपलेसे केले. कृष्णातराव मात्र रोज पहाटे उठून धक्क्यावर जात आणि बोटवाल्यास विचारीत, "भाई, आज छोडेंगे क्या?" तो मान हलवी. मग ते भिजून येत आणि बायकोकडे पाहावयाचे टाळीत. एकदा संघप्रियाबाईंनीच त्यांचे डोके पुसता पुसता सांगितले,

"कशाला झुरताय? मी आल्यापास्नं सैपाक केला न्हाय, का कुणाला सुई टोचली न्हाय. मला बरं वाटतंय."

हे बोलणे खरे होते, तरी कृष्णातरावांच्या जिवास लागून राहिले.

निघावयाचे आदले दिवशी पहाटे पाऊस उघडला. वारा पडला, ढगास भगदाड पडून ऊन आले, आणि बोटवाल्याने या खेपेस मान उभी हलविली. कृष्णातराव पळत लॉजवर आले आणि नुसता समुद्राकडे हात दाखविला. फौज होती तैशी निघाली, मातोश्री पुढे, गुडघ्यांची तक्रार मागे ठेवून. समोरच एक लहानसे बेट. तेथे किनाऱ्याचे आडोशास पाणी निवळून ऐसे जाले होते की, नाव थांबली तेव्हा ती पाण्यावर आहे की काचेवर, हे कळेना.

संघप्रियाबाई चपला काढून उतरल्या. घोट्याइतके, मग गुडघ्याइतके, मग कमरेइतके पाण्यात गेल्या. ड्रेस फुगून वर आला तो त्यांनी दाबिला नाही. खाली वाळू दिसत होती, वाळूवर आपलीच पावले दिसत होती, आणि पावलांमधून पिवळे मासे ये-जा करीत होते, जणू त्या पायांची पूर्वीची ओळख आहे. बाई खाली मान घालून पाहात राहिल्या. धोंडुबाई किनाऱ्यावर पाय भिजवून बसल्या आणि मुलुखाची पाहणी करून निर्णय दिला की, हितं भात न्हाय पिकायचं. दीक्षेने फोटो काढावयास मोबाइल उचलिला, आईचे तोंड पाहिले, आणि खाली ठेविला.

मग वेळ भरली. बोटवाल्याने हाक दिली. ज्या बाई आजवर कोणाच्याही एका हाकेस हातातले टाकून गेल्या, त्यांनी ती हाक ऐकिली आणि जागच्या हलल्या नाहीत. बोटवाल्याने दुसरी हाक देण्यास तोंड उघडिले, तोच कृष्णातरावांनी त्याचे खांद्यावर हात ठेविला, खिशातील नोटा न मोजिता त्याचे हाती दिल्या आणि म्हणाले, "रहने दो भाई. उसको सावकाश आने दो."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली, हे दप्तरी नमूद असावे. आपल्याकडील खराबी: छत्र्या दोन, चप्पल एक. लूट काही नाही, कारण त्या बेटावरील शिंपलाही उचलणे सरकारास मंजूर नाही. खजिना रिता, परंतु कर्ज कोणाचे नाही. चारही असामी सुखरूप राजारामपुरीस दाखल. बोटवाल्यास दिलेली थांबणावळ कोणत्या खर्चात धरावी, हे फडणीस दीक्षा यांनी विचारिले नाही, कृष्णातरावांनी सांगितले नाही, आणि ती रक्कम आजतागायत कोठेही लिहिलेली नाही.