मेण थंड होईपर्यंत

फिजिओथेरपी शिकवणाऱ्या दीपमाला मॅडमचा शोधनिबंध शेवटपर्यंत ऐकलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नव्हता. विषय भारदस्त होता, 'आरोग्यसेवेतील नीती आणि अन्याय'. विभागप्रमुख म्हणाले, "व्हॉट्सॲपवर टाका." विद्यार्थी म्हणाले, "परीक्षेला आहे का?" नवरा तर प्रस्तावनेतच घोरायला लागला. एकाने, फक्त एकाने, समोर बसून सगळं ऐकावं एवढीच त्या बाईची आस होती.

अशात नाचणगावचे तानबाजी मॅडमच्या विभागात उपचाराला आले. लकव्याने उजव्या हाताची बोटं आखडलेली, बोलणं अडखळत चालणारं. बोटं सैल व्हावीत म्हणून मॅडमनी त्यांचा हात कोमट मेणात बुडवून वर टॉवेल गुंडाळला. मेण थंड होईपर्यंत माणूस जागचा हलू शकत नाही, हे मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी ड्रॉवर उघडला.

"रुग्णाची संमती ही उपचाराची पहिली पायरी होय," मॅडम वाचू लागल्या.

"म... मॅडम..." तानबाजी म्हणाले. मॅडमना वाटलं, दाद आहे.

मेण थंड झालं तेव्हा दुसरं प्रकरण नुकतंच रंगात आलं होतं. मॅडमनी पुन्हा मेण लावलं. बाहेर रांग वाढली, तानबाजींची परतीची पुलगावची गाडी निघून गेली. दाराशी कान देऊन बसलेल्या तानबाजींच्या बायकोला, कौशल्याबाईंना, 'मृत्यू', 'हक्क' आणि 'संमती' एवढंच कळलं. त्यांनी जावयाला फोन लावला.

"जवाईबापू, लवकर या! मॅडम ह्यायले काहीतरी मोठं सांगून राह्यली. ऑपरेशनचं दिसते!"

रांगेतल्या दोघीतिघींनी लगेच डोळ्याला पदर लावला.

आत मॅडमचा आवाज चढला होता. "सर्वांत मोठा अन्याय म्हणजे, रुग्णांना ताटकळत ठेवतात आणि का ठेवलं तेही सांगत नाहीत!"

दार धाडकन उघडलं. "मंग आमी बाहेर काय करून राह्यलो, बाई?" कौशल्याबाई कडाडल्या.

मॅडमनी रांगेकडे पाहिलं, मग टॉवेलातल्या हाताकडे. निबंधातला एकही अन्याय करायचा राहिला नव्हता. त्या शरमेने अर्ध्या झाल्या.

"तानबाजी, माफ करा. मी तुम्हाला विचारलंच नाही. आता एकच पान उरलंय... उद्या वाचू का?"

तानबाजींनी बराच वेळ घेतला. "न... नाई."

मॅडमचा चेहरा पडला.

"उद्या मी सांगतो... तुमी आयका. लकवा झाल्यापासून म... मले कोनी काई इचारत नाई. जेवले का, झोपले का, सारे हिलेच इचारतात. तुमी आज माह्याकडे पाहून बोल्ल्या. समजलं काईच नाई... पन बरं वाटलं."

ते एक पान कोणीतरी ऐकावं म्हणून मॅडमचा जीव अजूनही तुटत होता. समोरच्या माणसाचा जीवही तसाच तुटतोय, हे त्यांना तासभर दिसलं नव्हतं. त्यांनी कागद मिटले.

"उद्या किती वाजता येता?"

"धा वाजता आणतो मी ह्यायले," कौशल्याबाई म्हणाल्या.

"त्यांना सांगू द्या, बाई."

तानबाजी ओठ जुळवू लागले. दारात जमलेल्या रांगेने कान टवकारले.

"आ... आठाले," ते म्हणाले. "लय साचलं हाये."