भिंत नसलेलं दार

गुलाबकाकाजीच्या अंगणात एक दार होतं. भिंत नव्हती. नुसती चौकट, दोन फळ्या आणि वीतभर उंच उंबरठा. दोन्हीकडून अख्खं अंगण मोकळं. पण बाजूनं कोणी आला की काकाजी खुर्चीतूनच ओरडत, "मांगं जा. दारातून ये."

मंग टकटक कराचं, "मेआय कमिन सार" म्हणाचं, उजवा पाय उचलून उंबरठा ओलांडाचा. दूधवाला हेच करे. काकाजीची बकरी तेवढी न विचारता येत होती, पण तीही दारातूनच.

काकाजी यवतमाळच्या एका हापिसात सव्वीस वर्षं चपराशी होते. साहेबाच्या खोलीबाहेर उभे. पेन्शन घेऊन दारव्ह्याले एकटेच राहायले आले, तर हे दार उभं केलं आणि पोट्ट्याईले इंटरव्ह्यू शिकवाले लागले. फुकटात. बोरी अरब, बाभुळगावचेही पोट्टे येत.

"हो का नाही ते दारातच ठरते," ते म्हणत. "टोपी टेबलावर ठेवाची नाही. हात पँटले पुसाचे नाही. अन् बस म्हटल्याबिगर बसाचं नाही."

कोणी इंटरव्ह्यू देऊन आला की काकाजीचा पहिला सवाल ठरलेला. "साहेबानं काय विचारलं?" मंग, "अजून काय विचारलं?" नोकरीचं मंग कवातरी. आम्हाले वाटे, म्हातारा सवाल जमा करून राह्यला.

माह्या वक्ताले काकाजीच्याच जुन्या हापिसात बाबूची एकच जागा होती. हुकली तर मामाच्या जिनिंगात कापूस तुडवाचा, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. आणि मले एक रोग होता. समोरचा जसा बोलन तसंच माह्या तोंडातून निघे. हेडमास्तरच्या छड्या मी यापायीच खाल्ल्या.

पहिल्या दिवशी काकाजी साहेब होऊन बसले. घसा खाकरून म्हणाले, "हंऽऽ. नाव?"

"हंऽऽ. बबन."

"पोट्ट्या, नक्कल बंद. तिथं साहेब तोतरा निघाला मंग?"

त्यांनी उपाय सांगतला. साहेब बोलून राह्यला का जीभ टाळूले लावून ठेवाची. पंधरा दिवस मी जीभ टाळूले लावत आणि पाय उचलत होतो.

यवतमाळले गेलो. टकटक केली, विचारलं, आणि नाली ओलांडावी तसा पाय उचलून आत टाकला.

साहेब नवीन होता, पुण्याकडचा. त्यानं माह्या पायाकडे पाह्यलं. "काय ओलांडलंत आपण?"

मी खाली पाह्यलं. सपाट फरशी.

"उंबरठा, साहेब."

"कुठे आहे?"

"दारव्ह्याले."

बाजूले बसलेले बडे बाबू असे हासले का त्याईचा चष्मा खाली आला. "साहेब, हा आमच्या गुलाबचा. त्याच्या हातचे सारे पोट्टे इथं पाय उचलते."

"कोण गुलाब?"

"या दारावर सव्वीस वर्षं होता. जिन्यावरच्या पावलावरून माणूस ओळखे. तो होता तवा आम्हाले घंटी वाजवाच लागत नव्हती, बोलावण्याआधीच हजर."

"अस्सं? मग भेटायला हवं एकदा," साहेब म्हणाला. माही जीभ टाळूलेच होती. मंग त्यानं बस म्हटलं, एक अर्ज लिहून घेतला, चार सवाल केले.

संध्याकाळी काकाजीकडे गेलो तो रागात, सरळ बाजूनं. त्यांनी मांगं पाठवलं नाही. "साहेबानं काय विचारलं?"

"काकाजी, तिथं उंबरठाच नाही."

"नाहीच. सव्वीस वर्षं त्याच फरशीवर उभा होतो मी."

"मंग आमचे पाय कायले उचलवता?"

"साहेब हासते. हासलेला साहेब पोट्ट्याले हाकलत नाही." ते वाकून उंबरठ्याच्या लाकडाची एक शिलपट नखानं काढत राह्यले. मंग म्हणाले, "अन् पाय उचलला का कोणीतरी विचारते, हा कोणाचा म्हणून. विचारलं का?"

मी टाळूची जीभ सोडली. साहेबाचं "काय ओलांडलंत आपण" केलं, बड्या बाबूचं हासणं केलं, चष्मा पाडला, "आमच्या गुलाबचा" केलं, घंटी केली. आता "नक्कल बंद" येईन म्हणून थांबलो.

"अजून एकडाव कर," काकाजी म्हणाले. "घंटीचं जरा हळू."

चारदा केलं. ते डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर, एखाद्या साहेबासारखे. बकरी दारातून आली आणि त्याईच्या पायाशी बसली.

मंग कवातरी त्याईले आठवलं. "अन् तुह्यं काय झालं बे?"

"एक तारखेपासून ये म्हणते."

"येच म्हणन," काकाजी म्हणाले. "घंटीचं कर अजून."