राज्य पहिले आले त्याची हकीकत

श्री. जो एका मोदकात तृप्त होतो आणि एकवीस ठेविले तरी नको म्हणत नाही, त्या देवास वंदन असो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सरे, भाद्रपद मासी आपल्या राज्यात जे घडले ते जैसे घडले तैसे येथे मांडिले आहे. त्यात अवधूतपंत वाकनीस यांस लाभ काय होता ते आधी सांगितले पाहिजे, कारण लाभ कळला म्हणजे मनुष्य कळतो. पंत राज्यातील खबर राखीत, कोणाच्या घरी काय शिजते आणि कोणाच्या मनात काय शिजते हे उभयता त्यांस ठाऊक असे. त्यांस लाभ एकच होता, परंतु तो चार भोयांनी उचलावा इतका होता, म्हणजे पालखीचा मान. पंतांचे मेहुणे रंगोपंत चिटणीस, वयाने धाकटे, अक्षराने बरे, बुद्धीने बेताचे, हे पालखीतून दरबारास जात, आणि पंत पायी जात, आणि रस्ता एकच होता. मग रंगोपंत पडदा सारून पुसत, "भावोजी, ऊन फार आहे का हो बाहेर?" पंतांस उन्हाचे काही नव्हते, परंतु ते 'बाहेर' त्यांच्या काळजात काट्यासारखे रुतले होते.

त्या सुमारास सात समुद्रांपलीकडील एका मोठ्या सभेने ऐसे ठरविले की सर्व राज्ये मोजून त्यांची उतरंड लावावी, आणि ती खजिना, हत्ती, तोफा यांवरून लावू नये. खजिना तुडुंब आणि प्रजा उपाशी ऐसीही राज्ये असतात, तेव्हा पाहावयाचे ते हे, की लेकरे जगतात काय, पोटास अन्न आहे काय, अक्षर किती जणांस येते, बायामाणसे तिन्हीसांजा निर्धास्त फिरतात काय, शेजारी शेजाऱ्यावर भरवसा ठेवितो काय, आणि मनुष्य आपल्या जिण्यावर खूष आहे काय. विचार चांगला होता हे कबूल केले पाहिजे. पहिल्या येणाऱ्या राज्यास मानाचे निशाण मिळणार होते, आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक कलम होते, ते कोणी वाचिले नाही, कारण पहिले येऊ पाहणारास कलमे वाचण्यास सवड नसते. महाराजांनी पंतांस बोलावून आज्ञा केली की, "नदीपलीकडच्यांच्या वर आलो तरी देव पावला. आणि पहिलेच आलो तर पंत, पालखी तुमची." पंतांनी मुजरा केला, आणि घरी जाताना त्यांची पावले ऐसी पडली की जणू आता थोडेच दिवस पडावयाची आहेत.

मग सभेचा मोजणारा टोपीकर आला, त्यास लोक मोजसाहेब म्हणू लागले. साहेब सज्जन होते, आपली भाषा कोशातून शिकून आले होते आणि कोशाबाहेर एक पाऊल टाकीत नव्हते. पंत त्यांस घेऊन दिवेलागणीच्या आधी बाजारात गेले, तो सगळे वाणी फळ्या लावीत होते. साहेबांनी एकास पुसिले, "काय करिता?" तो म्हणाला, "दुकान वाढवतोय." दुसऱ्यास पुसिले, तोही म्हणाला, "वाढवतोय." आता दुकान बंद केले ऐसे अभद्र आपल्याकडे कोणी बोलत नाही, हे तान्ह्या लेकरासही कळते, परंतु साहेब आश्चर्याने पाहू लागले की एका संध्याकाळी सगळा बाजार वाढतो आहे! पुढे एका सुनेच्या हातात बांगड्या कमी दिसल्या, आणि ती लाजून म्हणाली, "दळताना दोन वाढल्या." साहेबांनी दागिने वाढले ऐसे टिपून घेतले. मग एका घरी चुलीपाशी पुसिले की तांदूळ आहेत काय, तर घरधनीण म्हणाली, "तांदूळ कालच वाढले हो." भाद्रपदाचे दिवस, नवे भात शेतात उभे आणि कणगीचा तळ दिसू लागलेला. परंतु लक्ष्मी घरातून गेली ऐसे चुलीसमोर म्हणावे कोणी? साहेबांनी धान्य वाढले ऐसे टिपिले. वेशीवर गेले तो पोटासाठी दूरदेशी निघालेली गडीमाणसे घरच्यांचा निरोप घेत होती आणि जो तो म्हणत होता, "बरं, येतो मी." जातो म्हणणारा एक नाही. साहेबांनी हिशेब केला की या राज्यातून कोणी जात नाही, सगळे येतातच. शेवटी पारावर एक म्हातारा खोकत बसला होता, त्यास पुसिले, "आजोबा, कैसे आहे?" म्हातारा म्हणाला, "चाललंय." साहेब म्हणाले, "या वयातही चालतात! आरोग्य उत्तम."

पंतांस हसू आले आणि ते त्यांनी उपरण्यात गिळले. बोलावे ऐसे एकदा ओठांपर्यंत आले, परंतु तेथे पालखी आडवी उभी होती. मात्र एक गोष्ट अशी घडली की जीत कोश चुकला नाही. नदीवर तिन्हीसांजेस बाया धुणे आपटीत होत्या, आणि साहेबांनी एकीस पुसिले, "घरास कुलूप लाविले आहे काय?" ती म्हणाली, "कुलूप? मग किल्ली सांभाळत कोण बसणार? शेजारीण आहे की." साहेब पुसतात, "अंधार पडतो आहे, भय नाही वाटत?" ती म्हणाली, "भय कुणाचं? तुमचं?" आणि सगळ्या बाया ऐशा हसल्या की साहेबांची टोपी पाण्यात पडली आणि ती एकीने काठीने काढून दिली. पंतांची छाती तेव्हा दोन बोटे रुंद झाली, आणि ती खोटी नव्हती.

घरी आल्यावर पंतांनी हा सगळा प्रकार कुटुंबास, आवडाबाईंस, सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, मग आपण बोलला नाहीत? संपलं त्याला वाढलं म्हणतात, एवढं सांगायला जीभ झिजणार होती का?" पंत म्हणाले, "त्यांनी पुसिले नाही, मी सांगितले नाही." आवडाबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाच्या पालखीनं आपली जीभ खाल्ली." पंत म्हणाले, "तुझ्या भावाचे नाव जेवताना नको." आणि विषय तेथे वाढविला.

इकडे मोजसाहेब नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गेले. पलीकडचे लोक खाऊनपिऊन कण्हणारे, कोठारे भरलेली आणि तोंडे उतरलेली. त्यांच्यात आवई उठली की हा मोजणारा शेतसारा वाढविण्यास आला आहे. मग काय, म्हशी रानात दडविल्या, फाटकी धडुती नेसून लोक ओट्यावर बसले, आणि तेथील वकील बहिरोपंत, ज्यांच्या पोटावरून त्यांस आपले पाय दिसत नसत, ते म्हणाले, "साहेब, काय सांगू, घरात दाणा नाही, वाटल्यास कोठाराला कान लावा, उंदीरसुद्धा रडतात." साहेबांच्या डोळ्यांस पाणी आले.

तेव्हा निकाल काय लागणार ते उघड होते. घट बसले त्या दिवशी निशाण आले, आपले राज्य पहिले, पलीकडचे शेवटले. तोफा झाल्या, साखर वाटली, आणि भर दरबारात अवधूतपंतांस पालखी मिळाली, शिसवी दांडा, चांदीचे मोर, किनखापाची गादी. पंत बसून निघाले, आणि मुद्दाम चिटणिसांच्या वाड्यावरून निघाले, आणि पडदा सारून म्हणाले, "रंगोपंत, आत वारा कैसा छान लागतो, नाही?" ऐसे सुख एक दिवस झाले. दुसरे दिवशी सकाळी नदीत नावा दिसू लागल्या, आणि प्रत्येक नावेत पलीकडचे लोक, आणि प्रत्येकाच्या काखेत पत्रावळ. पुढच्या नावेत बहिरोपंत उभे राहून ओरडले, "काय वाकनीस! तांदूळ वाढले म्हणे तुमच्याकडे!" मग ते बारीक अक्षरातले कलम वाचिले गेले, ते ऐसे की, पहिल्या आलेल्या राज्याने शेवटल्या आलेल्या राज्यातील जे येतील त्यांस नवे पीक येईतो जेवू घालावे.

महाराजांनी कोठीवाल्यास बोलावून पुसिले, "सरकारी कोठीत तांदूळ किती?" तो खाली पाहून म्हणाला, "महाराज, वाढले." तेव्हा हा शब्द कोठून कोठे गेला हे महाराजांस कळले आणि त्यांनी पंतांकडे पाहिले, आणि पंतांनी गालिच्याकडे पाहिले. रंगोपंत म्हणाले, "मोजसाहेबास कळवावे की चूक झाली, राज्य पहिले नव्हे, म्हणजे सुटलो." महाराज म्हणाले, "पाहुणा घाटावर पत्रावळ मांडून बसला, आता त्यास शब्दाचा अर्थ सांगू? 'पहिले नव्हतो' हे उद्या सांगता येईल. 'उपाशी परतविले' हे सात पिढ्या पुसता येणार नाही. जेवण होईल. कैसे, ते ज्याने पहिले आणिले त्याने पाहावे."

पंत घरी आले, पालखीतून उतरले आणि तिच्याकडे पाहत ओसरीवर बसले. आवडाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वाढले म्हणून लिहू दिलंत ना? मग आता वाढा." पंत म्हणाले, "काय वाढू? कणगीत हात घातला तर कोपर कोरडे निघते." त्यांनी पालखीच्या चांदीच्या मोरावरची धूळ पदराने पुसली, जैसे सासरी जाणाऱ्या लेकीचे मुख पुसावे. पंतांस समजले. त्यांनी गादीवर एकदा तळहात फिरविला, आणि मग उठून भोयांस हाक मारिली की पालखी नावेत घाला. पलीकडे पालखीस गिऱ्हाईक एकच निघाले, ते बहिरोपंतांचे घर. बहिरोपंत इकडे पंगतीत बसलेले, आणि तिकडे त्यांच्या कुटुंबास पालखीची हौस जन्माची. त्या बाईंनी मोर मोजून घेतले, दांड्यास कोठे चीर नाही हे पाहिले, आणि कोठार उघडून दिले, आणि त्याच नावा तांदळाने भरून परत आल्या.

मग घाटावर पंगती बसल्या. तांदूळ पलीकडचा, परंतु बाकी सारे आपले. घरोघरच्या परसातून भोपळे आले, पडवळे आली, घागरीने ताक आले, कोणाकडे मागावयास जावे लागले नाही, आणि त्या कुलूप न लावणाऱ्या बायांनी चुली पेटविल्या. अवधूतपंत धोतराचा काचा मारून, भाताचे पातेले कमरेवर घेऊन पंगतीत फिरू लागले, आणि हे सारे नवे भात येईतो रोज चालले. बहिरोपंत चौथ्या वेळी भात घेत म्हणाले, "भात बरा आहे हो, पण आमच्या घरच्या तांदळाचा वास काही निराळाच." पंत म्हणाले, "घरचा तो घरचाच, वकीलसाहेब. आणखी वाढू?" आणि हे म्हणताना पंतांच्या मुखावर जे तेज होते ते पालखीत बसल्या दिवशी नव्हते.

शेवटल्या दिवशी मोजसाहेब पाहावयास आले आणि संतोषाने म्हणाले, "वाकनीस, खरोखर तुमचे तांदूळ वाढले!" पंतांनी पातेले खाली ठेविले, आणि आता गमावण्यास काही उरले नव्हते म्हणून म्हणा, की भरल्या पंगतीत खोटे बोलू नये म्हणून म्हणा, ते म्हणाले, "साहेब, आज वाढले. तुम्ही लिहिले तेव्हा संपले होते. आम्ही संपण्यास वाढणे म्हणतो, थोड्याचे अधिक होण्यासही वाढणे म्हणतो, आणि पानात घालण्यासही वाढणे म्हणतो. तुम्ही मधले धरिले, आम्ही पहिले बोललो होतो, आणि लाज राखिली ती तिसऱ्याने." साहेबांनी कोश उघडला, मिटला आणि म्हणाले, "मग तुमचे राज्य पहिले नव्हे. मध्ये कोठेतरी येईल." आणि पलीकडच्यांची पोटे पाहून म्हणाले, "आणि हे शेवटले कैसे, हेही पुन्हा पाहावे लागेल." महाराज शेजारीच होते, ते म्हणाले, "खुशाल मध्ये घाला. पंगतीत मधल्यास दोन्हीकडून वाढप येते. परंतु साहेब, घरचे वाढल्यावर दुसऱ्यास किती जण वाढतात, हे तुमच्या मापात कोठे मांडाल?" साहेबांनी पुष्कळ शोधिले. जागा सापडली नाही. मग ते ताक पिऊन गेले.

बहिरोपंत घरी गेले तो अंगणात पालखी आणि कोठारात झाडलेली जमीन. कुटुंब म्हणाले, "घरात दाणा नाही म्हणून साहेबाला सांगत होता ना? घ्या, आता खरं झालं."

येणेप्रमाणे राज्य पहिले आले आणि उतरले, यास एक भाद्रपद आणि एक आश्विन पुरला. जमेस पाहता, मोजसाहेबांस शब्दाचे दोन अर्थ अधिक मिळाले, बहिरोपंतांच्या कुटुंबास पालखी मिळाली, आणि या राज्याच्या घाटावरून कोणी उपाशी उठले नाही हे नाव मिळाले, ते नावाड्यांनी दोन्ही तीरांवर पोहोचविले. खर्च सोसिला कोणी म्हणाल, तर बहिरोपंतांनी नकळत सोसिला आणि अवधूतपंतांनी जाणून सोसिला. ते अजून पायीच दरबारास जातात, आणि रंगोपंत पडदा सारून पुसतात, "भावोजी, काय चाललंय?" पंत म्हणतात, "चाललंय." आणि पालखी कोठे म्हणून कोणी पुसिले, तर मान ताठ करून म्हणतात, "वाढली."