थोरलं खातं

मयुरीचं बचत खातं सोमवारी अठरा वर्षांचं झालं आणि मंगळवारपासून त्याने दिगंबरमामाशी बोलणं बंद केलं.

मयुरी स्वतः अजून सतराचीच. घोळ असा, की तिच्या घराण्यात डोहाळजेवणाला आलेल्या आहेराच्या पैशांतून, बाळ पोटात असतानाच खातं काढायची पद्धत. त्यामुळे खातं पोरापेक्षा थोरलं. आईबापामागे मामाने दोघांनाही सांभाळलं. आज नर्सिंगची फी भरली नाही तर मयुरीची जागा जाणार होती.

बँकेत खातं काउंटरपलीकडच्या स्टुलावर पाठ फिरवून बसलं होतं.

"आत किती आहेत तेवढं तरी सांगा," मामा म्हणाला.

"खातं सज्ञान झालंय," शेंडे मॅडम म्हणाल्या. "परक्याला माहिती देता येत नाही."

"मग पोरीला सांगा."

"ती कायद्याने अज्ञान. पालकाला घेऊन यावं लागेल."

"पालक मीच की."

"मुलीचे. खात्याचे नाही राहिलात."

मामाचं डोकं सटकलं. सटकल्यावरच ते नीट चालायचं.

"खातं सज्ञान आहे ना? मग त्यालाच तिचा पालक करा. भरू दे फी."

मॅडमनी नियम पाहिले. मनाई कुठेच नव्हती. "पण मुलीला पालक एकच. तुम्हाला सोडावं लागेल."

खातं पहिल्यांदाच वळून मामाकडे बघायला लागलं. मामाला भडभडून आलं. नाक शर्टाच्या बाहीला पुसून त्याने सही ठोकली. फी दुपारीच भरली गेली.

मयुरी वसतिगृहात राहायला गेली. भेट फक्त पालकांना, फोन तर नाहीच. पहिल्या पालकसभेला खातं इस्त्रीचा शर्ट घालून, मामाने मयुरीसाठी दिलेला चटणी-भाकरीचा डबा घेऊन आत गेलं. मामा फाटकाबाहेर वडापावच्या गाडीपाशी ताटकळत राहिला. एवढं लहानाचं मोठं केलेलं खातं, पण त्याचा रुबाब बघून त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटत होत्या.

खातं रिकामा डबा घेऊन बाहेर आलं.

"कशी आहे रे पोर?"

"गोपनीय आहे."

"रडते का?"

"सांगता येत नाही."

खातं पुढे चालू लागलं. कोपऱ्यावर थांबलं, मागे आलं आणि डबा मामाच्या हातात देत हळूच म्हणालं, "मामा, पुढच्या वेळी चटणीत लसूण जरा जास्त घाला."

मामा तडक बाजारात गेला आणि लसणाची अख्खी माळ घेऊन घरी आला.