अप्पांची वायर पुरत नाही

आमच्या शेजारचे शिवमूर्तीअप्पा कुणाच्याही घरी गेले की घरातल्यांचं तोंड बघत नाहीत, आधी टीव्हीची पाठ बघतात. चपला काढल्या की थेट टीव्हीच्या मागं डोकं खुपसायचं, आणि तिथूनच ओरडायचं, "छ्या! ही काय वायर हाय का?" एकदा गल्लीतले एक म्हातारे वारले म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. आत बायका रडत होत्या आणि अप्पा टीव्हीच्या मागून मला सांगत होते, "सर, टीव्ही एचडीचा आन् वायर तीन तोंडाची, लाल, पिवळी, पांढरी. म्हाताऱ्यानं शेवटी बघितलं तरी काय असंल?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्यामुळे गल्लीतला बंद पडलेला मिक्सर, गळका गीझर आणि अप्पा, हे तिन्ही माझ्या दारात येतात. पैकी मिक्सर आणि गीझर दुरुस्त होतात.

आमच्या गल्लीत घर म्हणावं असं फारसं उरलेलं नाही. क्लासेस वाढले तशी ज्यानं त्यानं प्लायवूडची पार्टिशनं मारून खोल्या केल्या, खोलीत दोन कॉट टाकले आणि 'मुलांसाठी घरगुती वातावरण' अशी पाटी लावली. अप्पाही त्यातलेच. वरच्या स्लॅबच्या खोल्या पोरांना भाड्यानं, खाली पुढची खोली स्वतःला. आणि त्यांची बायको? ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. चूल तिथं, बाज तिथं, देव तिथं. शेजारधर्म म्हणून मी त्यांना मावशी म्हणतो. उन्हाळ्यात पत्रा तापला की मावशी ओल्या पदराखाली बसायच्या आणि परभणीची, अहमदपूरची पोरं वर पंख्याखाली झोपा काढायची. अप्पांबद्दल माझं जे मत होतं ते इथं छापण्यासारखं नाही.

त्यात त्यांनी एचडीचा मोठा टीव्ही घेतला. खोक्यातून काढताच त्याच्या कपाळी, म्हणजे काचेच्या वरच्या कडेला, तीन बोटांनी विभूती ओढली. वायरीच्या दोन्ही टोकांनाही ओढली. ती पुसायला मला बोलावलं, कारण चित्रच येईना.

टीव्ही ठेवला शेडमध्ये आणि सेटटॉप बॉक्स घरात, पुढच्या खोलीत. मधलं अख्खं अंगण ओलांडून एचडीएमआयची काळी वायर, कपड्यांच्या दोरीला बांधून नेलेली. तिच्यावर मावशींची लुगडी वाळत. चित्र मधूनच फुटायचं.

"अप्पा, बॉक्सच शेडमध्ये नेऊन ठेवा," मी म्हणालो. "हातभर वायर पुरेल. चित्रही फुटणार नाही."

"बॉक्स घरातच ऱ्हायला पायजे."

"का?"

"वायर म्हंजी काय नुसती वायर नस्ती, सर. तुमी पोरायला शिकवा."

पंधरवडा झाला नसेल, तोच अप्पा मला गंजगोलाईच्या बाजारात रफिकभाईंच्या दुकानात घेऊन गेले. नवी वायर पाहिजे होती. सोन्याच्या टोकाची. सोन्यानं चित्रात काडीचा फरक पडत नाही, हे मी त्यांना भर दुकानात समजावलं. त्यांनी वायर कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजली, जरा कमीच भरली तेव्हा समाधानानं मान हलवली आणि घेतली. टीव्ही शेडमधून निघाला आणि शेडच्या दाराबाहेर आला.

पुढं हे सुरूच राहिलं. दर थोड्या दिवसांनी नवी वायर, आणि प्रत्येक वायर आधीच्यापेक्षा आखूड. टीव्ही हौदाजवळ आला. मग पेरूच्या झाडाखाली आला. मग पोर्चच्या पायरीशी, आणि शेवटी दाराच्या उंबऱ्याशी. वर प्लास्टिकचा कागद, खाली टेबल, आणि समोर खुर्ची सरकवत बडबडत येणाऱ्या मावशी. गॅलरीतून पोरं ओरडायची, "आजोबा, टीव्ही यात्रेला निघाला का?" रफिकभाई तर हात जोडायचे. "अप्पा, तुमारे घर में वायर आटती क्या?"

"आटती," अप्पा गंभीरपणे म्हणायचे.

जुन्या वायरींचं काय करता विचारलं तर म्हणाले, "दिल्या वाटून." वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही कळेल की लांब वायर गुंडाळून ठेवता येते. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली होती.

शेवटी एका संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले, "सर, चला गोलाईत. वायर पुरंना." तेव्हा मी माळ्यावरून माझी स्वतःची वायर काढली, चांगली लांबलचक, आणि फाटकातून आत शिरत ओरडलो, "घ्या ही! फुकट घ्या! गुंडाळा, सोडा, गळ्यात घाला, पण मला पुन्हा गोलाईत नेऊ नका!"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झडप घालून वेटोळं माझ्या हातातून ओढलं, सदऱ्याखाली कोंबलं आणि मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

"बघितली का तिनं?"

"कोणी?"

"हळू बोला की." ते भिंतीला टेकले. पोटावर वायरीचा फुगवटा, आणि आवाज कधी ऐकला नव्हता इतका बारीक. "भूकंपात आमच्या गावाकडं माळवद आलं तिच्या अंगावर. माती, दगड, सगळं. मी वढून काढली तिला. शेजारी लेक निजली व्हती. ती न्हाई निघाली." "तवापून छताखाली येईना. हितं स्लॅब टाकला तिच्यासाठी, पक्का, तर म्हणायली, तुमीच निजा त्याच्याखाली. समदे सांगून थकले. मालिका मात्र चुकवीत न्हाई. वायर लांब दिसली की म्हणती, टीव्ही घ्या म्हागं. पुरत न्हाई म्हणलं की शिव्या देती, पर येती. बॉक्स तर हालत न्हाई, ते बी सांगितलंय तिला, कंपनीनं बसवून दिलाय म्हणून."

इतके दिवस मी त्यांना ऊर्जा, प्रतिकार आणि सोन्याचं टोक शिकवत होतो.

"आता उंबऱ्याशी आलाय," अप्पा म्हणाले. "सर, गोलाईला येता ना?"

गेलो. यावेळी वायर मी मोजली.

परत आलो तेव्हा मालिकेची वेळ होत आली होती. अप्पांनी टीव्ही उंबऱ्याच्या आत, खोलीत घेतला आणि वायर जोडली. वायर ताणून बसली, बोटभरही ढिली नाही. मी फाटकापाशीच थांबलो. मावशी खुर्ची घेऊन आल्या आणि पोर्चच्या बाहेर, आभाळाखाली उभ्या राहिल्या.

"आवं, लईच आत घेतला की! दिसंना मला. जरा भायेर वढा."

"वायर पुरत न्हाई."

"रांडेची वायर ती! चांगली बगून आणता येत न्हाई का? त्ये सर काय शिकवत्यात मग पोरायला?"

"त्येच म्हणलं मी सरांना."

आत मालिकेचं गाणं सुरू झालं. मावशींनी मान वर करून पोर्चच्या स्लॅबकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वायरीला, अप्पांना आणि मला अशा तिघांनाही शिव्या घालत त्यांनी खुर्ची पोर्चच्या खाली ओढली, आणि थांबून, अजून थोडी उंबऱ्यापर्यंत ओढली. पाय मात्र बाहेरच्या बाजूला ठेवले, पळायला बरे. डोक्यावर स्लॅब होता.

अप्पा घाईघाईनं टीव्हीच्या मागं गेले, तिथं डोकं खुपसून वायर तपासायला लागले, आणि मालिका संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.