खवलोबाचं मेतकूट

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या मालकीचं एक कोठार होतं. कुणी खायला काही चांगलं केलं की पुरचुंडी बांधून तिथं ठेवायची. ज्याला हवी त्यानं न्यायची. हातोहात मात्र कुणी कुणाला काही द्यायचं नाही.

एकदा कोल्ह्यानं तयार पीठ ठेवलं. त्यात धोतऱ्याचं बी दळलेलं निघालं. अर्धं जंगल दोन दिवस उलट्या पावली चालत होतं. तेव्हापासून नियम झाला. पुरचुंडीत अख्खं धान्य आणि सोबत कृती. डोळ्यांनी बघा, मग ज्याचं त्यानं दळून खा.

नियम चांगलाच होता. पण त्याच जंगलात खवलोबा राहायचा. खवल्या मांजर तो. तोंडात जन्मापासून एकही दात नाही. नखं अशी लांब, की जात्याचा खुंटा मुठीत धरता येईना. त्यात पंधरा दिवस तापानं पडला. ताप उतरला, पण उठून बसवेना. तोंडाला मेतकूट लागलं तर उठेन, एवढंच म्हणायचा.

साळूमावशी साळिंदरीण मायाळू. तिनं डाळी भाजल्या, मेथी-सुंठ घातली, दळलं आणि पुरचुंडी कोठारात नेली.

कोठाराची राखण धनेशकाकांकडे. चोच सगळ्यात मोठी, म्हणून नियम सांगायचं काम त्यांचं.

"हे पीठ आहे," काका म्हणाले.

"मेतकूट आहे. खवलोबासाठी."

"आत काय आहे ते कसं कळणार?"

"मला विचार की. मीच दळलंय."

"मावशी, कोल्हाही हेच म्हणाला होता."

सभा बसली. मेतकूट मधोमध ठेवलं, पुरावा म्हणून. खवलोबाला उचलून कडेला आणून निजवलं.

गवादादा म्हणाला, "धान्याच्याच पुरचुंडीत पिठाची पुडी घाला."

"ज्याच्या घरी जातं आहे, त्यानं पिठाचं ओझं का वाहावं?" काका म्हणाले.

"मग वेगळी पुरचुंडी करा."

"करू. पण त्याच कृतीनं दुसऱ्यानं दळलं तर हुबेहूब तेच पीठ निघालं पाहिजे."

सात जात्यांवर दळलं. सात रंगांचं निघालं. गवादादाचं तर अर्धं त्याच्या नाकावरच होतं.

तिसऱ्या दिवशी ठरलं, धान्याबरोबर जातंही बांधून द्यायचं. तशी पुरचुंडी झाली. ती गवादादालाही उचलेना.

"काका, माझं काय?" खवलोबानं विचारलं.

"तुझ्यासाठीच चाललंय ना रे सगळं. पड जरा."

चौथ्या दिवशी मुंग्यांना वास लागला. मेतकुटात बरबटलेल्या मुंग्यांची रांग बरोबर खवलोबाच्या नाकापुढून निघाली. खवलोबानं जीभ काढली. त्याची जीभ हातभर लांब. सभा भांडतच होती. रांग संपली, मेतकूट संपलं, आणि खवलोबा उठून बसला.

"पुरावा कुठं गेला?" काकांनी विचारलं.

"मी फक्त मुंग्या खाल्ल्या, काका."

काकांनी चोच झाडाला घासली.

"मुंग्या दळलेल्या होत्या का?"

"नाही. अख्ख्या होत्या. चालत चालत आत गेल्या."

"मग नियमात बसतं," काका म्हणाले. "त्यांनी अंगाला काय लावलं होतं, तो त्यांचा प्रश्न."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्हा मागं बसला होता. त्यानंही डोलावली, आणि उठून वारुळाच्या दिशेनं गेला.

तात्पर्य: दळलेली वस्तू उघडी देऊ नये, लोक संशय घेतात. ती अख्ख्या वस्तूला नीट चोपडून द्यावी. म्हणजे नियमही पाळला जातो आणि तपासायचा त्रासही कुणाला होत नाही.